लिपि, यंत्र आणि लोकरीति

‘आचार्यास वस्त्र दिलें’ आणि ‘आचाऱ्यास वस्त्र दिलें’ या दोन वाक्यांत मराठी वाचकाचा घोटाळा कधीं होत नाहीं. पहिल्यांत गुरूचा सत्कार आहे, दुसऱ्यांत स्वयंपाक्याचा. तसेंच ‘दर्या’ म्हटला कीं समुद्र डोळ्यांपुढें येतो आणि ‘दऱ्या’ म्हटल्या कीं सह्याद्रीच्या घळी. लिहिण्यांत भेद एवढाच कीं, एके ठिकाणीं रकार रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्या ठिकाणीं तो पापणीसारखी आडवी रेघ होऊन त्याच अक्षराच्या डाव्या अंगास राहतो. बोलण्यांत भेद असा कीं, पहिल्यांत मागील अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यांत येत नाहीं. हिंदीस या रेघेची गरज भासत नाहीं. मराठीस ती भासते, आणि देवनागरींत लिहिल्या जाणाऱ्या कोंकणी व नेपाळी या भाषांसहि भासते.

हातानें लिहिणारास ही रेघ काढावयास क्षणहि लागत नाहीं. परंतु जीं जीं लेखनयंत्रें आमच्या देशांत आलीं, त्यांपैकीं प्रत्येकापुढें अशा लहानसहान रेघा अडचण होऊन उभ्या राहिल्या. यंत्र कोणत्या तरी देशांत जन्मास येतें आणि त्या देशाच्या संवयी अंगावर घेऊनच येतें. त्या संवयी त्याच्या कर्त्यास संवयी वाटतच नाहींत. त्यास त्या सृष्टीचे नियम वाटतात. इंग्रजी लिपीस मात्रा नाहीं, वेलांटी नाहीं, जोडाक्षर नाहीं; तेव्हां अक्षर म्हणजे एक सुटा ठसा, ही कल्पना तेथील यंत्रांत मुरलेली असणार. मग दुसरी भाषा त्या यंत्रापुढें आली म्हणजे प्रश्न उभा राहतो. लिपीनें यंत्रास अनुसरावें, कीं यंत्रानें लिपीस? संगणकाच्या ज्या आज्ञावलीस आज सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, तिनें या प्रश्नाचें उत्तर फिरविलें असें आमचें मत आहे. तें कसें फिरलें आणि त्यामुळें आम्हां मराठी भाषिकांवर कोणती जबाबदारी येऊन पडली, हें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

या कथेचा आरंभ गोव्यांत होतो. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याची भाषा मराठी, त्याचा छंद ओंवीचा, परंतु त्याचीं अक्षरें रोमन. देवनागरीचे खिळे हाताशीं नव्हते, म्हणून मराठीस परक्या लिपीचा अंगरखा घालून छापखान्यांत शिरावें लागलें. यंत्राजवळ जें असेल त्यांत भाषेनें आपणांस कसेंबसें बसवून घ्यावें, हा पहिला धडा आम्हांस येथें मिळाला, आणि तो पुढें पुष्कळ काळ पाठ करावा लागला.

जवळजवळ दोन शतकांनंतर बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें आणि १८१० सालीं त्यांचा मराठी कोश निघाला. कोशांतील मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत, कारण व्यवहारांतील मराठी तेव्हां मोडींतच लिहिली जात असे. तथापि मोडी छापखान्यांत रुजली नाहीं. हात न उचलतां एका अक्षरांतून दुसऱ्यांत वाहत जावें हा मोडीचा धर्म, आणि सुटे खिळे शेजारीं शेजारीं बसवून पान उभें करावें हा छापखान्याचा धर्म. दोहोंचा मेळ बसणें कठीण होतें. इतरहि कारणें होतीं. परंतु मराठी छापील ग्रंथ बाळबोधीच्या वाटेनें गेला, आणि मोडी दप्तरांत राहिली.

मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें, तें शिळाप्रेसवर. दगडावर हस्ताक्षर जसेंच्या तसें उमटतें, म्हणून तेथें लिपीस कांहीं सोडावें लागत नाहीं. परंतु मोठ्या प्रमाणावर ग्रंथ काढावयाचे तर खिळेच पाहिजेत, आणि खिळ्यांचा हिशेब निराळा आहे. इंग्रजी मजकुरास जेथें थोडक्या खणांची पेटी पुरते, तेथें देवनागरीस जोडाक्षरें आणि काना-मात्रा-वेलांट्यांसह घडविलेलीं अक्षरें मिळून कित्येक शतें निरनिराळे खिळे लागतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं मराठी टाइपांची जी सुधारणा केली, ती या अडचणींतून. त्याच छापखान्यांत मुलगा म्हणून कामास लागलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ते खिळे जुन्या संस्कृत पोथ्यांच्या आवृत्त्यांत आजहि पाहावे. येथें कारागिरानें यंत्रास लिपीकडे वळविलें. परंतु त्यासाठीं एकेक ठसा हातानें कोरावा लागला, आणि जुळाऱ्यास शेंकडों खणांमधून हात फिरवावा लागला.

विसाव्या शतकांत यंत्राची घाई वाढली. टंकलेखन यंत्रास कळा असतात चाळीस-पंचेचाळीस. प्रत्येकीवर दोन चिन्हें धरलीं तरी शंभराच्या आंतच सर्व संसार उरकावयाचा. लायनोटाइप यंत्राच्या पटावर कळा नव्वद. हरि गोविल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें देवनागरी लायनोटाइप सिद्ध करविली, तेव्हां अक्षरांचे तुकडे करून ते त्या नव्वदांत बसविण्याचाच खटाटोप होता. याच सुमारास आमच्याकडे लिपिसुधारणेची चळवळ जोरांत आली. स्वातंत्र्यवीर सावरकर यांनीं ‘अ’च्या बाराखडीचा, म्हणजे ‘इ’, ‘उ’ यांऐवजीं ‘अि’, ‘अु’ लिहिण्याचा पुरस्कार केला, आणि कांहीं मासिकांनीं ती पद्धति उचललीहि. काका कालेलकर यांचीहि दिशा तीच होती. १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या परिषदेनें तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे न्यावी अशी शिफारस केली. लोकांच्या डोळ्यांस ती मानवली नाहीं, आणि कांहीं वर्षांतच ती मागें घ्यावी लागली.

या मंडळींस हंसण्याचें कारण नाहीं. त्यांचा हेतु उदात्त होता आणि त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बिनचूकहि होता. यंत्र बदलणें आपल्या हातीं नाहीं, लिपि बदलणें आहे. आणि यंत्रावांचून भाषा मागें पडेल, असें त्यांनीं पाहिलें. चूक झाली ती एकाच गृहीतांत. आजच्या यंत्राची मर्यादा ही यंत्रमात्राची मर्यादा आहे, असें त्यांनीं धरलें. तीस-चाळीस वर्षांतच तें यंत्र अडगळीच्या खोलींत गेलें आणि वेलांटी आपल्या जागीं राहिली.

संगणक आला तोहि आरंभीं जुनाच दंडक घेऊन आला. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या ‘ॲस्की’ नांवाच्या संकेतांत एकंदर १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजी अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि यंत्रास द्यावयाचे कांहीं इशारे एवढें बसलें. बाकी जगास जागा उरली नाहीं. तेव्हां आमच्या कुशल लोकांनीं एक तोड काढली. पडद्यावर इंग्रजी ‘ए’चें चित्र पुसून त्या जागीं देवनागरीचा एखादा तुकडा काढावयाचा, ‘बी’च्या जागीं दुसरा. यंत्र समजे कीं आपण इंग्रजी लिहीत आहों, आणि वाचणारास दिसे मराठी. हा वेषांतराचा प्रकार १९९० नंतरच्या दशकांत घरोघरच्या आणि छापखान्यांतल्या संगणकांवर फार चालला. वृत्तपत्रें निघालीं, पुस्तकें निघालीं, लग्नपत्रिका निघाल्या. परंतु प्रत्येक टंक करणाऱ्यानें तुकड्यांची वांटणी आपापल्या मनाप्रमाणें केली होती. एकाच्या घरचा मजकूर दुसऱ्याच्या घरीं उघडला तर पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची केवळ दाणादाण दिसे.

आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांनीं त्या काळांत आपलें आत्मवृत्त संगणकावर उतरविलें होतें. छापील प्रत एकच काढली, ती पावसांत गेली. संगणकांतील प्रत मात्र सुरक्षित होती, असें सर्वांस वाटत होतें. वडील गेल्यावर मुलांनीं ती उघडली, तेव्हां ज्या टंकांत ती लिहिली होती तो टंक कोणाजवळच नव्हता. चारशें पानें अशीं, कीं ज्यांत एकहि मराठी अक्षर नाहीं. त्याच घरांतल्या एका पेटींत पणजोबांच्या वेळचें मोडी पत्र आहे. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनीं तें अर्ध्या तासांत वाचून दाखविलें. शंभरांहून अधिक वर्षांचें पत्र बोलूं लागलें आणि वीस वर्षांचें आत्मवृत्त मुकें राहिलें. पुढें पुष्कळ खटपटीनें, कोणतें चिन्ह कोणत्या अक्षरासाठीं असावें याची कोष्टकें मांडून, त्यांतील बराच भाग वाचतां आला. परंतु लिपीचें नुसतें चित्र जतन करणें आणि लिपि जतन करणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आम्हांस त्या दिवशीं जसें समजलें तसें कोणत्याहि ग्रंथावरून समजलें नसतें.

याच काळांत दुसरा एक प्रवाह हळूहळू वाहत होता, आणि त्याचा उगम आमच्याच देशांत आहे. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें आणि पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत जें काम झालें, त्यांतून भारतीय लिपींचा एक सामाईक संकेत तयार झाला. त्यास ‘इस्की’ म्हणतात. १९९१ सालीं तो भारतीय मानक म्हणून ठरला. त्यांतील मूळ विचार साधा आहे, परंतु फार मोठा आहे. यंत्रानें अक्षराचें चित्र सांठवूं नये, वर्ण सांठवावा. ‘कि’ लिहावयाचा तर आधीं ‘क’ आणि मग इकार, म्हणजे जसा उच्चार तसा क्रम, एवढेंच स्मरणांत ठेवावें. वेलांटी डावीकडे काढावयाची, ‘क्’ आणि ‘ष’ जवळ आले तर ‘क्ष’ची आकृति घडवावयाची, हें काम पडद्यावर दाखवितांना आज्ञावलीनें करावें. कळफलकाची ‘इन्स्क्रिप्ट’ रचनाहि याच दृष्टीची आहे: एका हाताशीं स्वर, दुसऱ्या हाताशीं व्यंजनें, आणि ‘क’च्याच कळीवर ‘ख’. ज्यास वर्णमाला पाठ आहे त्यास कळफलक अर्धा पाठ आहे.

लखनौच्या परिषदेस जी वेलांटी उजवीकडे न्यावीशी वाटली, ती संगणकाच्या पोटांत खरोखरच अक्षराच्या मागून येते. डोळ्यांस मात्र ती पूर्वीच्याच जागीं दिसते. यंत्राचा क्रम यंत्राजवळ राहिला आणि वाचकाची रीति वाचकाजवळ. जें वैर अटळ वाटत होतें, तें अशा रीतीनें मिटलें. पुढें १९९१ सालींच जगांतील सर्व लिपींस एका छत्राखालीं आणणाऱ्या ‘युनिकोड’ संकेताची पहिली आवृत्ति निघाली. तिनें देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली आणि या लिपीस १२८ जागांचा वेगळा वाडा दिला. ‘विंडोज २०००’ या आज्ञावलींत देवनागरी या पद्धतीनें चालूं लागली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक कवि व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा होता.

येथपर्यंत लिपीची गोष्ट झाली. परंतु लिपि दिसूं लागली म्हणजे यंत्र मराठी झालें, असें नव्हे. भाषेबरोबर लोकरीति येते, आणि ती आंकड्यांत, तारखांत, याद्यांत, अगदीं एकवचन-अनेकवचनांतहि लपलेली असते. ‘१२,३४,५६,७८९’ ही संख्या आम्ही बारा कोटि चौतीस लक्ष छप्पन्न हजार सातशें एकोणनव्वद अशी वाचतों. इंग्रज तिच्यांत दर तीन आंकड्यांनीं स्वल्पविराम देईल. जर्मन मनुष्य स्वल्पविरामाच्या जागीं पूर्णविराम देईल आणि अपूर्णांकाच्या जागीं स्वल्पविराम. म्हणजे ‘१.२५०’ हें आमच्याकडे सव्वा, आणि जर्मनींत साडेबाराशें. ‘५/४’ ही तारीख मुंबईंत ५ एप्रिल, न्यूयॉर्कमध्यें ४ मे. कोणतीहि रीति चुकीची नाहीं. परंतु एकाची रीति दुसऱ्याच्या यंत्रांत गुपचूप शिरली, तर हुंडीच्या रकमेंत आणि औषधाच्या मुदतींत चूक होते.

म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांनीं हळूहळू एक शिस्त लावून घेतली. प्रथम यंत्राच्या अंगांतून सर्व स्थानिक रीति बाहेर काढावयाच्या, आणि मग प्रत्येक भाषेच्या व प्रदेशाच्या रीतीची स्वतंत्र वही करावयाची. पहिल्या कामास आंतरराष्ट्रीयीकरण म्हणतात, दुसऱ्यास स्थानिकीकरण. २००४ सालापासून युनिकोड संस्थेच्या आश्रयाखालीं अशी एक सामाईक वही ठेवली जाते. आपल्या हातांतील बहुतेक फोन तींतूनच तारखा, वार आणि आंकडे मांडण्याची रीति घेतात. त्या वहींत मराठीचें पान आहे. लक्ष-कोटींचा स्वल्पविराम तींत आहे. आणि मराठीचे अंक स्वभावतः देवनागरी, हिंदीचे मात्र रोमन, असाहि भेद तींत नोंदलेला आहे. दिवसाचे इंग्रजी पद्धतीचे दोन अर्ध पुरेसे नाहींत, मराठी मनुष्यास पहांट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र लागते, हेंहि तेथें नमूद आहे. भारताचें राष्ट्रीय पंचांग, जें २२ मार्च १९५७ रोजीं १ चैत्र शके १८७९ म्हणून सुरू झालें, तेंहि यंत्रास ठाऊक आहे. परंतु तो चैत्र सौर आहे. ज्या चैत्रांत आपण गुढी उभारतों तो चांद्र आहे. त्यास तिथि, क्षय, वृद्धि, अधिक मास हें सर्व लागतें. नांव एक आणि वस्तु दोन, अशा ठिकाणीं वही वाचून काम भागत नाहीं. वही लिहिणारा जाणकार लागतो.

व्याकरणांत तर याहून बारीक गांठी आहेत. इंग्रजी आज्ञावली लिहिणारास वाटतें कीं वाक्य म्हणजे एक सांचा. मधें रिकामी जागा सोडावी आणि तींत नांव घालावें. ‘अमुक गांवाहून गाडी निघाली’ असा सांचा करून त्यांत ‘पुणें’ घातलें तर यंत्र ‘पुणेंहून’ लिहितें. मराठी मनुष्य ‘पुण्याहून’ म्हणतो. वाई मात्र ‘वाईहून’च राहते. ‘सीता’ला ‘नें’ जोडला तर ‘सीतेनें’ व्हावयास पाहिजे, ‘सीतानें’ नव्हे. आमच्या भाषेंत नाम प्रत्यय घेतांना आधीं स्वतः बदलतें, म्हणजे त्याचें सामान्यरूप होतें, ही गोष्ट इंग्रजी सांच्याच्या स्वप्नांतहि नव्हती. अनेकवचनाची तीच कथा. इंग्रजींत एकाहून अधिक म्हटलें कीं शेवटीं ‘एस’ लावला, काम झालें. अरबींत संख्येप्रमाणें सहा प्रकार करावे लागतात. रशियन भाषेंत दोन, तीन, चार यांचें रूप एक आणि पांचाचें दुसरें. मराठींत प्रकार दोनच, परंतु क्रियापद लिंग पाहून चालतें: एक पत्र आलें, दोन पत्रें आलीं; एक चिठी आली, दोन चिठ्या आल्या; एक निरोप आला, दोन निरोप आले. तेव्हां ‘आलें’ हा एक शब्द एकदांच भाषांतरित करून सर्वत्र वापरतां येत नाहीं.

हें काम करणारे बहुतेक लोक अनाम आहेत. मुक्त आज्ञावलींचीं मराठी भाषांतरें करणाऱ्या स्वयंसेवकांत विद्यार्थी होते, नोकरी सांभाळून रात्रीं बसणारे गृहस्थ होते. त्यांच्यापुढें प्रश्न येत ते असे: यंत्रानें वापरणारास ‘तूं’ म्हणावें, ‘तुम्ही’ म्हणावें, कीं ‘आपण’? पोथींतला संस्कृत प्रतिशब्द घ्यावा कीं बाजारांत रुळलेला इंग्रजी? ज्यांनीं घरांत कोश उघडून अशा शब्दांवर वाद घातला आहे, त्यांस त्या रात्रींची कल्पना येईल.

वर्णमालेच्या क्रमाची गोष्टहि येथेंच सांगावयास हवी. शाळेंत आम्ही ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ म्हणतों. युनिकोडच्या वाड्यांत ‘ळ’ची खोली ‘ल’च्या शेजारीं आहे, आणि ‘क्ष’ला स्वतंत्र खोली नाहींच, तो ‘क’च्या घरांत राहतो. खोल्यांच्या क्रमानें नांवांची यादी लावली, तर क्षीरसागर हे कुळकर्ण्यांच्या मागें पण खऱ्यांच्या पुढें येऊन बसतात, यादीच्या शेवटीं नव्हे. यंत्रास मराठीचा वेगळा क्रम सांगतां येतो. परंतु ‘क्ष’ हें जोडाक्षर मानावें कीं स्वतंत्र वर्ण, यास दोन्ही बाजूंनीं आधार आहे, आणि ज्याचा त्यानें आपापल्या मताप्रमाणें क्रम लावला तर यंत्राचा दोष नाहीं.

येथें आम्ही आरंभींच्या त्या पापणीकडे परत येतों, कारण या सर्व कथेचें मर्म तींत आहे. युनिकोडमध्यें ती रेघ दोन प्रकारांनीं लिहितां येते. एका प्रकारांत साधा ‘र’, त्यास हलन्त, आणि पुढें एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या प्रकारांत ‘ऱ’ हें खालीं बिंदु असलेलें अक्षर, जें मुळांत द्राविडी भाषांतील एका रकाराचें लिप्यंतर करण्यासाठीं ठेवलेलें होतें, आणि त्यास हलन्त. पडद्यावर दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाहीं. परंतु यंत्राच्या दृष्टीनें ते दोन निराळे शब्द आहेत. कोणी ‘कऱ्हाड’ एका रीतीनें लिहून ठेवलें आणि शोधणारानें दुसऱ्या रीतीनें विचारलें, तर दोहोंची सांगड घालण्याचा नियम ज्या आज्ञावलीस शिकविलेला नाहीं, ती ‘असें गांव नाहीं’ म्हणून मोकळी होते. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनांवांचे लोक याद्यांत असून नसल्यासारखे होतात. इंग्रजी शब्दांसाठीं आम्हांस लागणाऱ्या ‘ॲ’ची हकीकत अशीच आहे. त्याची खोली युनिकोडमध्यें २००८ सालीं बांधली गेली. त्यापूर्वीं कोणी ‘अ’वर अर्धचंद्र चढवी, कोणी हिंदीच्या चालीनें ‘ए’वर चढवी, तो जुना मजकूर अजून तसाच पडून आहे. महाराष्ट्र शासनानें नोव्हेंबर २००९ मध्यें मराठीसाठीं देवनागरीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली व तींत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांस स्वरांत स्थान दिलें, हें योग्यच झालें. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाचीं रूपेंहि आतां अनेक टंकांत आहेत; मात्र हा मजकूर मराठी आहे, हें यंत्रास सांगून ठेवावें लागतें. तें न सांगितल्यास यंत्र बहुधा हिंदी वळण काढतें. त्यांत त्याचा पक्षपात नसतो. गप्प बसलेल्या भाषेऐवजीं बोललेल्या भाषेची रीति तें उचलतें.

सारांश, पूर्वीं यंत्र आमच्या लिपीस म्हणत असे, ‘इतकें सोड, म्हणजे आंत घेईन.’ आतां तें म्हणतें, ‘तुझी रीति काय ती सांग, मी तशी पाळीन.’ हा फार मोठा पालट आहे, आणि त्याबरोबर आमची सबब गेली. यंत्र परकें आहे, त्यास आमची भाषा कळत नाहीं, ही तक्रार १९३५ सालीं खरी होती. आज यंत्रास जेवढें कळत नाहीं, त्यांतील पुष्कळसें आम्हीं सांगितलें नाहीं म्हणून, किंवा दोघांनीं दोन तऱ्हांनीं सांगितलें म्हणून कळत नाहीं. आपली रीति नेमकी कोणती, हें आधीं आपसांत ठरवावें लागतें, मग नियमाच्या भाषेंत लिहावें लागतें. हें काम कारागिराचें नाहीं, वैयाकरणाचें आहे, कोशकाराचें आहे, आणि थोडेंसें आपणां सर्वांचेंहि आहे.

दोन गोष्टी सांगून आटोपतों. जी मोडी छापखान्यांत रुजली नाहीं, तिला जून २०१४ मध्यें निघालेल्या युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत स्वतःची जागा मिळाली. आतां तिचे वर्ण वर्ण म्हणून सांठवितां येतात. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील एखादा कागद मोडींतच उतरून घेऊन त्यांतील शब्द शोधतां येणें अशक्य राहिलेलें नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं जें यंत्र तिला आंत घेईना, त्याच्या वंशजानें तिला दार उघडलें. दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. आमच्या घरांतलीं मुलें फोनवरून आजीस निरोप पाठवितात तो मराठींत, परंतु पुष्कळदां रोमन अक्षरांत. फादर स्टीफन्स यांस १६१६ सालीं दुसरा उपाय नव्हता. आमच्या मुलांपुढें मात्र त्याच फोनमध्यें, बोटाच्या अंतरावर, सगळी बाराखडी पापणीच्या रेघेसह उभी आहे. दार उघडें आहे. त्यांतून जावयाचें कीं नाहीं, हें आतां यंत्र ठरवीत नाहीं.